ओकबुनचं माल्से

ग्वांगचनच्या बाजारात ओकबुनचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नसे. "माल्से आहे बाई, माल्से" असा खणखणीत आवाज कानावर आला की त्या दिशेने चालू लागायचं. आवाजाच्या मागोमाग खारवलेल्या जवळ्याचा वास यायचा आणि वासाच्या मागे ओकबुन बसलेली असायची, कोपरापर्यंत बाह्या सारून, ओंजळीएवढ्या वाडग्याने रांजणातला जवळा उपसत.

माल्से म्हणजे शेवटचा काळ. मूळचा हा विहारातला शब्द. बुद्धाची शिकवण विझत जाईल, माणूस माणसाला ओळखणार नाही, असा जो काळ येणार आहे तो माल्से. पुढे चर्चवाल्यांनीही तो उचलला, त्यांच्या ग्रंथातल्या जगबुडीसाठी. बाजारातल्या बायकांना मात्र ना विहाराचं पडलेलं होतं ना चर्चचं. आपण 'घोर कलियुग' म्हणतो आणि लगेच मेथी निवडायला बसतो, तसाच तो शब्द त्यांच्या तोंडी होता. आधी जीभ टाळ्याला लावून 'च्च' करायचं, मान हलवायची आणि मग म्हणायचं. नुसतं म्हटल्यानेही बरं वाटतं.

ओकबुनने तर त्या शब्दाला दिवसभर राबवून घेतलं होतं. शाळकरी पोरगी म्हाताऱ्याला वाकून नमस्कार करताना च्युइंगगम चघळत राहिली, माल्से. मासेवालीच्या सुनेने प्लास्टिकच्या पिशवीतली तयार किमची, म्हणजे खारवलेला तिखट कोबी, विकत आणली, तेव्हा ओकबुनने तो शब्द इतक्यांदा म्हटला की मासेवालीने तिच्याशी बोलणं टाकलं. एकदा सोलहून आलेल्या बाईच्या कडेवर स्वेटर घातलेलं कुत्रं दिसलं. त्यानंतर आठवडाभर बाजाराला दुसरा विषय नव्हता. जग बुडतंय हे सांगण्यात ओकबुनला जेवढा आनंद होता तेवढा दुसऱ्या कुणाला जग तरतंय हे सांगण्यातही झाला नसता.

बाकी बाई खमकी होती. नवरा तरुणपणीच बोटीवरून परत आला नाही. एक मुलगी पदरात, यांगही. तिला पाठुंगळी बांधून ओकबुनने धंदा उभा केला. सहाव्या महिन्यातला जाडसर जवळा मिठात घालायचा, डोंगरातल्या जुन्या खाणीच्या बोगद्यात रांजण नेऊन मुरवायचा आणि थंडीच्या तोंडावर बाहेर काढायचा. कारण थंडीच्या तोंडावर घराघरात किमजांग असतं, म्हणजे अख्ख्या हिवाळ्याची किमची एकदाच घालून ठेवायची. त्यात मुरलेला जवळा पडला नाही तर त्या कोबीला चव कसली?

पण या इतक्या वर्षांच्या मिठाने ओकबुनची जीभ मेली होती. तिला खारट-अळणी काही कळत नसे, आणि ही गोष्ट फक्त यांगहीला ठाऊक होती. जवळेवालीला मीठ कळत नाही हे बाजारात फुटलं असतं तर शोभा झाली असती. म्हणून लहानपणापासून किमजांगच्या दिवशी चव बघायचं काम यांगहीचं. आई कोबीच्या पिवळ्या पानात लाल सारण गुंडाळून तिच्या तोंडात कोंबायची आणि श्वास रोखून बघत बसायची. पोरगी चावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "अजून मूठभर." किंवा, "मुळा घाल, खारट झालंय." लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली तरी यात बदल झाला नाही. दोघी एकाच दिवशी, एकाच अंगणात दोन्ही घरांची किमची घालत.

यांगहीचा नवरा पिलसू दूरच्या समुद्रावर ट्यूनाच्या बोटीवर होता. वर्षवर्ष यायचा नाही. मोठी मुलगी बोरा, आणि पाचेक वर्षांनी मुलगा झाला. तो मुलगा आदल्या हिवाळ्यात तापाने गेला. अजून बसायलाही लागला नव्हता. पिलसूला बातमी पोचेस्तोवर इकडे माती कोरडी झाली होती.

बाळाला पुरून आले त्या दिवशी यांगही भिंतीला टेकून बसली होती. दुधाने पोलकं भिजत होतं आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. ओकबुनला ते बघवेना. काहीतरी बोलायला तर हवं होतं. तिने लेकीचा हात हातात घेतला आणि तिच्या तोंडून जे नेहमी निघायचं तेच निघालं. "नको रडू. माल्से आहे गं हे. अशा शेवटच्या काळात जगून तरी काय बघणार होता? सुटला तो." आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. मयताच्या घरी असंच बोलतात. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

वसंतात यांगही हसू लागली. तिने चर्चची वाट धरली होती, मोठ्या दगडी चर्चची नाही, तर बाजारामागे गोदामात भरणाऱ्या एका नव्या मंडळीची. ओकबुन स्वतः सणाला विहारात जाणारी, पण तिने हरकत घेतली नाही. पोरगी जेवते, बोराची वेणी घालते, गाणं गुणगुणते, मग देव कुठला का असेना. तिने तर त्या पाळकासाठी जवळ्याची बरणीही पाठवली.

पानं पिवळी पडली, किमजांगचे दिवस जवळ आले, बोगद्यातून रांजण बाहेर निघाले. आणि ओकबुनच्या लक्षात आलं की नेहमीची काही गिऱ्हाइकं फिरकलेली नाहीत. न्हाव्याची बायको आली नाही. गिरणीवाल्याची बहीण आली नाही. शेजारी वाळलेलं शेवाळ विकणाऱ्या दोकजाला तिने विचारलं, "या सगळ्या जवळा दुसरीकडून घेतात की काय?" दोकजाने आवाज उतरवून सांगितलं की त्या कुणीच यंदा किमची घालणार नाहीत. गोदामातल्या पाळकाने दिवस काढून दिलाय. हिवाळा लागण्याच्या दिवशी, बरोबर भर दुपारी, देव आपल्या माणसांना देहासकट वर उचलून घेणार आणि बाकीचं जग जळणार. मग थंडीची किमची खाणार कोण?

ओकबुन पोट धरून हसली. त्याच दिवशी न्हाव्याची बायको समोरून चालली होती, तिला तिने भर बाजारात गाठलं. "का गं, वर कोबी देवदूत खारवणार आहेत का? त्यांना जवळा लागेल म्हणावं, माझ्याकडून ने." न्हाव्याची बायको रागावली नाही. तिने ओकबुनकडे फार मायेने पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्यासाठीही प्रार्थना करतोय आम्ही. यांगही रोज रडते तुमच्यासाठी." ओकबुनचं हसू ओठावरच वाळलं. यंदा लेकीने किमजांगचा दिवस ठरवलेला नाही, हे तिला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

ती तशीच, हाताला जवळ्याचं पाणी लागलेलं असतानाच, यांगहीच्या घरी गेली. अंगणातले किमचीचे रांजण धुऊन पालथे घालून ठेवले होते. हिवाळ्यात ते जमिनीत पुरत ते खड्डे बुजवून वर माती चोपलेली होती. यांगही ओट्यावर बसून पांढऱ्या कापडाचा छोटा झगा शिवत होती, बोरासाठी.

"कोबी कधी आणायचे?" ओकबुनने विचारलं. लेकीच्या तोंडून ऐकायचं होतं.

"यंदा नको, आई."

"का? हात मोडलेत तुझे?"

"थंडीच्या आधी आम्ही जाणार. तूही चल. तुझ्यासाठीही झगा शिवते." तिचा आवाज अगदी शांत होता. ओकबुन ओरडली. नवरा समुद्रावर, घर उघडं, पोरीची शाळा, लोक शेण घालतील तोंडात, जे सुचेल ते सगळं बोलली. शेवटी दम लागल्यावर म्हणाली, "कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"तूच." यांगहीने दोरा दातांनी तोडला. "बाळाला पुरून आलो त्या दिवशी. शेवटचा काळ आहे म्हणालीस. मी पुष्कळ विचार केला त्याचा. म्हटलं, शेवटचाच असेल तर फार थांबायला लागणार नाही. मग पाळकांनीही तेच सांगितलं. वर नेतात त्या दिवशी आईला तिची गेलेली मुलं हातात परत देतात."

"अगं वेडे, ती बोलायची पद्धत असते. कुत्र्याला स्वेटर घातला तरी मी तेच म्हणते."

यांगहीने सुई खाली ठेवली. "मग बाळ गेलं त्या दिवशीही तू बोलायची पद्धत म्हणूनच बोललीस?"

ओकबुनने पालथ्या रांजणावर हात टेकला, मग ती घरी गेली.

दुसऱ्याच दिवशी यांगही बोराला घेऊन डोंगरावरच्या प्रार्थनाघरात गेली. मंडळीतली सगळीच तिथे जमली होती. शुद्ध होऊन वर जायचं म्हणून मोठ्यांनी नुसत्या पाण्यावर राहायचं, मुलांनी जवाच्या पाण्यावर. हे कळलं तेव्हा ओकबुनच्या तोंडचं पाणी पळालं. सहा वर्षांची पोर, मुळातच काडीपैलवान. ओकबुन चौकीवर धावली. हवालदाराने तिला बसायला दिलं, चहा दिला. सज्ञान बाई स्वतःच्या पोरीला घेऊन प्रार्थनेला गेली तर आम्ही काय करणार, असं तो म्हणाला. मग त्याने 'च्च' केलं, मान हलवली आणि म्हणाला, "काय करणार आजी, माल्से आहे." ओकबुनला वाटलं, चहाचा कप त्याच्या तोंडावर मारावा. तो शब्द बाहेरून आत येताना कसा लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

ती डोंगर चढून गेली. फाटक बंद होतं. आतून गाण्याचा आवाज येत होता, टाळ्या वाजत होत्या. तिने हाका मारल्या, फाटक हलवलं, शिव्या घातल्या, मग गयावया केली. कुणी आलं नाही. फळ्यांच्या फटीतून तिला बोरा दिसली, शाळेतल्यासारखी ओळीत बसलेली, ओठ फुटलेले. तिने आजीकडे पाहिलं आणि आईकडे बघून पुन्हा मान खाली घातली. ओकबुन त्या रात्री झोपली नाही, आणि तिच्या मनात जे आलं त्याची तिला स्वतःलाच लाज वाटली. पण लाज धरून बसायला वेळ नव्हता.

सकाळी ती पुन्हा फाटकाशी गेली. या खेपेला आरडाओरडा केला नाही. राखण न्हाव्याच्या बायकोकडे होती. ओकबुनने तिच्यासमोर गुडघे टेकले. भर बाजारात जिची टिंगल केली तिच्यासमोर.

"मला आत घे," ती म्हणाली. "शेवटचा काळ आलाय हे मी जन्मभर ओरडून सांगत आलेय. तुम्हाला तर आता कळलं."

न्हाव्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच की, या बाईच्या तोंडात दुसरं काय होतं कधी? तिने फाटक उघडलं आणि ओकबुनला मिठी मारली. ओकबुनच्या परकराखाली कमरेला भाताचे मुटके बांधलेले होते. मिठीत ते दबले, पण न्हाव्याच्या बायकोच्या लक्षात आलं नाही.

मग उरलेले दिवस ओकबुनने तिथे काढले. पांढरा झगा घातला, टाळ्या वाजवल्या, न येणारी गाणी म्हटली. बोराला संडासला नेते म्हणून उठवायची आणि भिंतीआड बसून मुटक्याचे घास भरवायची. पोर चावत नसे, गिळायची. एकदा म्हणाली, "आजी, हे खाल्लं म्हणून मला देव वर नाही नेणार का?" ओकबुन म्हणाली, "नेईल, नेईल. जड माणसालाही नेतो तो." आणि तिने झग्याच्या बाहीने पोरीचं तोंड पुसलं. यांगहीला मात्र ती एक घासही देऊ शकली नाही. यांगही तिच्याकडे बघून हसायची, आई आली म्हणून. त्या हसण्याने ओकबुनचं काळीज तुटायचं. आपण हिला फसवून आत आलोय, हे तिला ठाऊक होतं.

तो दिवस उजाडला. सगळे अंगणात आले. वरचं आभाळ निळंभोर, वारा नाही, खालच्या गावातून कुणाच्या तरी किमजांगच्या लसणाचा वास येत होता. पाळक लाकडी पेटीवर उभा होता. सूर्य डोक्यावर यायला लागला तसं गाणं वाढत गेलं, मग गाण्याचं रडणं झालं. यांगहीने दोन्ही हात पुढे केले होते. वर नाही, पुढे. तान्हं मूल घ्यायला करतात तसे, एक तळवा डोक्याखाली, एक कुल्ल्याखाली. ओकबुनने ते हात पाहिले आणि तिच्या मनातलं सगळं शहाणपण वाहून गेलं. येऊ दे, असं तिला मनापासून वाटलं. जळू दे जग, बाजार, बोगदा, सगळे रांजण. पण या हातांत ते बाळ येऊ दे. ज्या शब्दावर तिचा कधीच विश्वास नव्हता तो खरा व्हावा म्हणून ती बाई त्या क्षणी देवाच्या पाया पडत होती.

सूर्य डोक्यावरून सरकला. सावल्या पायातून बाहेर आल्या आणि लांबायला लागल्या. गाणं मध्येच थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. पाळक पेटीवरून उतरून आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही. कुणीतरी फाटक उघडलं. न्हाव्याची बायको मातीत बसून स्वतःच्या मांड्यांवर बुक्के मारत होती. यांगही तशीच उभी, हात तसेच. ओकबुनला ते हात धरून खाली करावे लागले. ते हात खाली करताना ओकबुनला जेवढं दुःख झालं तेवढं नवरा गेला तेव्हाही झालं नव्हतं.

यांगहीला तिने आपल्याच घरी आणलं. लेक उठ म्हटलं की उठायची, पेज तोंडाला लावली की गिळायची. रडली नाही, बोलली नाही. गावात दोन दिवस हसले आणि मग आपापल्या कोबीला लागले. सगळ्यांची किमची घालून झाली, रांजण जमिनीत गेले, परसातल्या उरलेल्या कोबीवर दहिवर गोठायला लागलं, तेव्हा ओकबुन उठली. काही झालं तरी हिवाळा आला होता आणि तीन माणसं खाणारी होती.

एकटीने कोबी खारवले, धुतले, निथळत ठेवले. मुळ्याचा कीस, तिखट, लसूण, आलं, जवळा, सगळं कालवलं. दोकजा मदतीला आली. बसल्या बसल्या तिने पाळक पळून गेल्याची बातमी सांगितली आणि सवयीने म्हणाली, "माल्से आहे ताई, माल्से."

"माझ्या घरात तो शब्द काढू नकोस," ओकबुन म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की दोकजा घाबरली आणि थोड्या वेळाने काम आहे म्हणून निघून गेली.

यांगही ओट्यावर बसली होती, उन्हात, गुडघ्यांभोवती हात घालून. बोरा तिच्या शेजारी. ओकबुनने पिवळं कोवळं पान घेतलं, सारण गुंडाळलं आणि दरवर्षीसारखं लेकीच्या ओठांशी नेलं. यांगहीने तोंड उघडलं. चावलं. ओकबुनने श्वास रोखला.

"मीठ कसं आहे?"

"बरोबर आहे," यांगही म्हणाली.

डोंगरावरून आल्यावर तिचे हे पहिले शब्द. ओकबुनला आनंदाने रडू फुटणार होतं. तिने दुसरं पान गुंडाळून बोराला दिलं. बोराने चावलं आणि सगळं ओंजळीत थुंकलं. "आजी, मीठच आहे नुसतं!" पोर पाण्याकडे पळाली. ओकबुनने सारणाच्या परातीकडे पाहिलं, जवळ्याच्या रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं. मन थाऱ्यावर नव्हतं, तिने जवळा दोनदा घातला होता. आणि यांगही तो घास अजून चावत होती, डोळे उघडे ठेवून, तोंडावर काही न उमटता.

लेक घरी आली नाही अजून, हे ओकबुनला तेव्हा कळलं. लाल हात तसेच घेऊन ती तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"सुटला नाही तो," ती म्हणाली. "ऐकतेस ना? मी खोटं बोलले. मला काही सुचलं नाही म्हणून तोंडाला आलं ते बोलले. शेवटचा काळ-बिळ काही नव्हता. चांगले दिवस होते गं, नेहमीसारखे. तो जगायला हवा होता. या वासात, या बाजारात, त्या स्वेटर घातलेल्या कुत्र्याला बघून हसत जगायला हवा होता. मला हवा होता तो. तो गेला हे वाईट झालं, यांगही. फार वाईट झालं."

यांगही चावायची थांबली. तिने आईकडे पाहिलं. मग तिचा खालचा ओठ लहानपणी वाकायचा तसा वाकला, आणि बाळ गेल्यापासून जे तिने कुणालाच दाखवलं नव्हतं ते बाहेर पडलं. तिचा तो आवाज ऐकून बोरा पाण्याचं भांडं घेऊन दारातच थांबली. ओकबुनने लेकीला लाल हातांनीच जवळ ओढलं. पांढरं पोलकं तिखटाने माखलं. तिने गप्प राहा म्हटलं नाही, नको रडू म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही.

उन्हं उतरली तरी ते चाललं होतं. मग हळूहळू ओसरलं. यांगहीने बाहीने नाक पुसलं, गालात अडकून राहिलेला घास जिभेने शोधला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "खारट झालंय."

ओकबुन मुळे आणायला उठली.